फलालीन ओढत काढलेला हंगाम

पहिल्या दिवशी माझ्या हातात बांबूची एक काठी आली आणि तिला शिवलेलं मीटरभर पांढरं फलालीन. खालचा काठ जड राहावा म्हणून दुमडून आत जुने नट शिवलेले. एमएस्सीची दोन वर्षं पीसीआर आणि एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचण्या करण्यात घालवून मी प्रकल्प सहाय्यक झाले होते. नेमणुकीच्या पत्रात ‘संसर्गजन्य रोगांच्या प्रसाराचा व नियंत्रणाचा अभ्यास’ असं भारदस्त लिहिलेलं. तो अभ्यास म्हणजे हे कापड पातेऱ्यावरून, रानातल्या वाळक्या पानांवरून, ओढत चालायचं.

“धुणा वाळत घालूक निघाल्यासारख्या धावू नको,” नाना म्हणाले. “दमान. गोचडीक वाटूक व्हया, जनावर चल्ला म्हणान.”

नाना आरोग्य खात्यातून कीटक समाहारक म्हणून निवृत्त झालेले. हे पद असतं हे मलाही तोवर माहीत नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी डासांमागे काढली: तिन्हीसांजेला लोकांच्या गोठ्यात टॉर्च घेऊन शिरायचं आणि भिंतीवरचा डास काचेच्या नळीने अलगद तोंडाने ओढून घ्यायचा. (नळीच्या मधे जाळी असते. तरी पहिल्यांदा ऐकल्यावर मी तोंड वाकडं केलंच.) गोचीड त्यांच्या मते डासापेक्षा सभ्य जनावर. उडत नाही, उडी मारत नाही, एका जागी बसून वाट बघते.

आमचा मुक्काम दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात. मी कणकवलीची, तरी दोडामार्ग म्हणजे आमच्याकडे पार टोक: एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला कर्नाटक, मधे धरण, रबराच्या बागा, काजूचे डोंगर आणि 2002 पासून कर्नाटकातून उतरलेले हत्ती. काम माकडतापाचं, गोचीड चावून होणाऱ्या आजाराचं. कागदोपत्री ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’, म्हणजे केएफडी. 1957 साली शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. पुण्यात 1952 साली निघालेल्या व्हायरस रिसर्च सेंटरची, म्हणजे आजच्या एनआयव्हीची (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची) माणसं तिथे पोचली. माकडं मरतायत म्हटल्यावर पहिला संशय पीतज्वरावर (यलो फीवरवर) गेला. निघाला भलताच विषाणू, रशियाकडच्या गोचीड-मेंदूज्वराच्या भावकीतला. त्या थंड मुलखातला भाऊबंद इथे आला कुठून, या कोड्यापायी स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. सलीम अलींच्या पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याच्या मोहिमेला त्यातून जोर मिळाला. पक्ष्यांवरचा आरोप शाबीत झाला नाही, पण आपल्याला स्थलांतराची माहिती मात्र भरपूर मिळाली. विज्ञानात असं होतं. चोर सापडत नाही, गावाचा नकाशा तयार होतो.

पुढे कित्येक वर्षं हा आजार शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांपुरताच राहिला. मग 2012 नंतर बंदीपूर, नीलगिरी, वायनाड अशी नावं येऊ लागली. 2015 मध्ये गोव्यात सत्तरीला रुग्ण सापडले आणि 2016 च्या सुरुवातीला आमच्या दोडामार्गात, केर गावाच्या बाजूला. पुढच्याच वर्षी बांदा परिसराची पाळी. रुग्णांतले शेकडा तीन ते पाच दगावतात. औषध नाही, सलाईन, ताप उतरवणं, रक्तस्राव झाला तर रक्त देणं एवढंच हातात.

आता कापडाकडे येते, कारण निम्मा हंगाम त्याच्यामागे गेला.

सकाळी साडेसातला निघायचं. पांढरी पँट, पांढरा लांब बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, मोज्यावरून चिकटपट्टीचे दोन वेढे, चिकट बाजू बाहेर. हाताला-मानेला गोचिडी दूर ठेवणारं तेल चोपडलेलं. पांढरं का, तर अंगावर चढलेली गोचीड दिसावी. आरशासमोर उभी राहिले तर मी शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नर्ससारखी दिसत होते. गावातली पोरं दोन आठवडे आमच्या मागून ‘इंजेक्शन इला, इंजेक्शन इला’ करत पळायची.

ठरलेल्या जागी पोचलं की जीपीएसची नोंद. झाडी दाट असली तर मोबाइल जागा दाखवतो समोरच्या डोंगरावर, मग मोकळ्यावर जाऊन परत यायचं. तापमान, आर्द्रता, पातेरा किती जाड, जवळ गुरांची वाट आहे का, वेळ. मग कापड जमिनीवर टाकून चालायला लागायचं. दहा पावलं. थांबायचं, कापड उलटं करून गुडघ्यावर बसायचं आणि बघायचं. सुरुवातीचे तीन दिवस मला काही म्हणजे काही दिसलं नाही. फलालीनीच्या लवेत मातीचे कण, गवताचं बी, मुंग्या, वाळक्या पानाचा चुरा. नाना शेजारी बसून चिमट्याने टिपत जायचे: “ही एक. ही एक. आणि ही काय तुझो काको?” मग चौथ्या दिवशी डोळा बसला. मातीचा कण कापडाबरोबर हलतो. गोचीड कापडाच्या विरुद्ध हलते. लार्वा, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली, खसखशीच्या दाण्याएवढी, सहा पायांची. निम्फ, म्हणजे एकदा कात टाकलेली, त्याहून मोठी, तरी तिळापुढे लहानच, आठ पायांची. पुढचे दोन पाय हवेत उभारून ती चाचपडत असते. त्या पायांच्या टोकाला तिचं नाक असतं म्हणा ना: आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, सगळं तिला तिथून कळतं. मी वाकून फुंकर घातली आणि कापडावरच्या दोन्ही निम्फ माझ्या दिशेने वळल्या. त्या क्षणी माझ्या मानेवरून काटा सरकला आणि, खरं सांगते, या कामाची गोडीही तिथेच लागली.

माकडतापाची मुख्य वाहक हीमाफायसालिस स्पिनिजेरा नावाची गोचीड. तिच्या आयुष्यात रक्ताची जेवणं तीनच: लार्वा असताना एक, निम्फ असताना एक, मोठी झाल्यावर एक, आणि प्रत्येक जेवणाचं पान वेगळं. पावसाळ्यानंतर पातेऱ्यात लार्वा निघतात, उंदीर-चिचुंदरी-खारी किंवा जमिनीवर उतरलेल्या माकडाला धरतात, पोटभर पितात, गळून पडतात, कात टाकतात. डिसेंबरपासून निम्फ वर येतात, आणि माणसाला चावते ती बहुतेक हीच. मोठ्या गोचिडी पावसाच्या सुमारास गुरांना धरतात. गुरांना हा आजार होत नाही, पण त्यांच्या रक्तावर गोचिडींचं कुळ वाढतं. विषाणू एकदा लार्वाच्या अंगात शिरला की कात टाकली तरी तो तिच्यातच राहतो. आजारी माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या शेकडो गोचिडी थंड पडत चाललेलं अंग सोडून तिथेच खाली उतरतात. ती जागा मग काही काळ सुरुंग पेरल्यासारखी. माणूस मात्र या साखळीचा शेवट. माणसापासून माणसाला माकडताप होत नाही, हे वाक्य मी त्या हंगामात किती दारांत म्हटलं असेल त्याचा हिशेब नाही.

गोचीड सापडली की चिमट्याने उचलून कुपीत. कुपीच्या तळाशी ओलसर कापूस, नाहीतर सुकून मरते. तोंडाला बोळा. एका जागेच्या, एका जातीच्या, एका अवस्थेच्या गोचिडींचा मिळून एक ‘पूल’, आणि तो पूल बारीक वाटून त्यात विषाणू शोधायचा. म्हणजे पुण्यातल्या त्या महागड्या यंत्रातून काय बाहेर पडणार ते इथे वाकून बसलेल्या बाईने चिठ्ठीवर काय लिहिलं त्यावर अवलंबून.

चिठ्ठीचीच गोष्ट. ओळख पटवण्यासाठी काही गोचिडी आम्ही अल्कोहोलमध्ये ठेवायचो, चिठ्ठीही आतच, कुपीत. नानांनी शिसपेन्सिल दिली होती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती हरवली आणि मी जेल पेनने लिहिलं. माझं अक्षर बरं आहे, चिठ्ठ्या झकास दिसत होत्या. चौथ्या दिवशी खोका उघडला तर सगळ्या कुप्यांत फिकट निळं पाणी आणि आत कोऱ्या चिठ्ठ्या. एका आठवड्याच्या, पाच जागांच्या गोचिडी. कुठली कुठची हे सांगायला कोणी नाही. मी रात्री रडले. नाना काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनी दुकानातून पेन्सिलींचा अख्खा डबा आणला आणि त्यातली एक सुतळीने माझ्या वहीला बांधून टाकली, पोस्टात बांधलेली असायची तशी. त्या पाच जागांवर आम्ही परत गेलो. पण तो आठवडा गेला तो गेलाच. जानेवारीचा आकडा डिसेंबरच्या घरात लिहिता येत नाही.

दुसरा धडा शून्याचा. सुरुवातीला काही न सापडलेल्या जागेपुढे मी रकाना रिकामा सोडायचे. काही नाही तर काय लिहायचं? पुण्याहून आमच्या मॅडमनी फोन करून विचारलं, “इथे गेला नव्हता का?” गेलो होतो की, दोन तास! “मग शून्य लिही. रिकामं म्हणजे गेलो नाही, शून्य म्हणजे गेलो आणि नव्हतं.” त्यानंतर मी शून्य असं ठसठशीत काढायला लागले की नाना म्हणायचे, लाडू वळतंस काय.

कापडाचं काम कष्टाचं, पण सरळ. माणसांचं काम तसं नव्हतं.

दुपारनंतर घरोघरी जायचं. बरोबर आशाताई, गावातल्या आशा स्वयंसेविका. फॉर्म आठ पानांचा, आणि तयार असेल त्याच्या रक्ताचा नमुना, पूर्वी कधी नकळत हा आजार होऊन गेला का ते बघायला. संमतीपत्र वाचून दाखवायचं, सही किंवा अंगठा. फॉर्ममध्ये चौदावा प्रश्न होता: ‘गेल्या एका महिन्यात आपण जंगलात गेला होता का?’

पहिल्या गावात एकतीस घरं झाली. अठ्ठावीस घरांत उत्तर: नाही.

मला वाटलं, वा. म्हणजे लोक सावध आहेत. एकतिसाव्या घरातली काकी ‘जंगलात? नाय गो बाय, आमी कित्याक जातलव जंगलात’ म्हणत होती तेव्हा तिच्या पायाशी काजूच्या ओल्या बियांची पाटी होती आणि तिच्या नऊवारीच्या ओच्याला वाळकं पान चिकटलेलं. मी विचारलं, “काकी, मग ह्या बियो खंयच्यो?”

“बागेतल्यो.”

“बाग खंय असा?”

तिने हाताने दाखवलं. वर, डोंगरात, जिथे सकाळी आम्ही अंगाला चिकटपट्ट्या बांधून कापड ओढलं होतं, तिथेच. आमच्या नकाशावर तो हिरवा रंग ‘अरण्य’. तिच्या लेखी ती सासऱ्याने लावलेली बाग. जंगल म्हणजे त्याच्याही पलीकडे, जिथे हत्ती राहतात आणि वनखात्याचा माणूस हटकतो. तिथे ती खरंच गेली नव्हती. तिचं उत्तर शंभर टक्के खरं होतं. आमचा प्रश्नच खोटा होता.

मॅडमना सांगितलं. माझ्या मनात होतं, रागावतील. त्यांनी दोन मिनिटं गप्प राहून फॉर्म बदलायला घेतला. एका प्रश्नाचे सहा झाले. काजूला जाता का? वाकून बी वेचता की झाडावरून काढता? पातेरा आणता का, आणि आणून कुठे टाकता? लाकडं? गुरं सोबत जातात की सुटी? दुपारी बागेत कुठे टेकता, जमिनीवर की काही अंथरून? पहिल्या एकतीस घरांत परत गेलो. दोन ठिकाणी ‘परत इलास?’ म्हणून चहा मिळाला, एका ठिकाणी कुत्रं सोडलं. तिथे आशाताई पुढे होऊन ‘गो वैनी, मी हा’ म्हणाल्या म्हणून निभावलं.

पातेऱ्याचा प्रश्न नानांनी सुचवलेला, आणि पुढे तोच सर्वांत बोलका ठरला. आमच्याकडे वाळकी पानं झाडून डालग्यांनी घरी आणतात: गोठ्यात गुरांच्या खाली घालायला, मग ते खत, नाहीतर भाजावळीला, पेरणीआधी शेत भाजायला. म्हणजे रानात वाट बघत बसलेली गोचीड आपण डोक्यावरून, मानाने, घरात आणतो. जी आजी तीन वर्षांत उंबऱ्याबाहेर गेली नाही तिला गोचीड कुठून चावणार, असं मी म्हणत होते. ती आजी दुपारी गोठ्यातल्या पातेऱ्याच्या ढिगाला टेकून बसायची.

आणि आता नियंत्रणाबद्दल. पोस्टरवर असतं: ‘जंगलात जाणे टाळा.’ निम्फचा हंगाम डिसेंबर ते मे. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. वर्षाचा पैसा त्या तीन-चार महिन्यांत हातात येतो. पोराची फी, घराची कौलं, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या बोंडूवर, काजूच्या फळावर. बोंडू पिकून खाली पडतो, बी वेचायला पातेऱ्यात हात घालावाच लागतो, आणि पिकल्या बोंडवावर माकडंही येतात. गोव्यातही काजूच्या बागांतल्या कामगारांमध्येच हा आजार आढळला होता, ते काही योगायोगाने नाही. अशा माणसाला ‘जाणे टाळा’ सांगणं म्हणजे मासेवाल्याला पाण्यात पाय भिजवू नको सांगणं. मी ते वाक्य म्हणायचं सोडून दिलं. त्याऐवजी: जा, पण तेल लावून जा, लांब बाह्या, पँट, आलं की कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ, एकमेकांची मान, काखा, गुडघ्याच्या मागची बाजू बघा, पातेरा यंदा घरात नको.

तेलाचंही सरळ नाही. मार्चच्या घामात ते तासा-दोन तासांत उतरतं, वास उग्र, आणि तेलकट हाताने बी निसटते. दिलेल्या बाटल्या मी बऱ्याच घरांत देवळीत, सील न तोडलेल्या बघितल्या. एका काकांनी ती बिजागरीला घातली होती, दार खरंच छान चालत होतं. लसही होती पूर्वी: महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग बूस्टर, मग दरवर्षी परत. सुई बरीच दुखायची, संरक्षण जेमतेम, आणि एक डोस घेऊन दुसऱ्याला न आलेलेच जास्त. ती आता देत नाहीत. नवी लस येईल तेव्हा येईल. पण ती आली तरी कोणी तरी काजूच्या सुट्टीच्या दिवशी ती द्यायला जावं लागेल. काजूला सुट्टीचा दिवस नसतो हे आधी त्या माणसाला कळायला हवं.

फेब्रुवारीत एका सकाळी आशाताईंचा फोन. वरच्या वाडीत वानर पडलंय. काल पडलंय, आज कळलं. आम्ही पोचलो तेव्हा बागेच्या कडेला काळ्या तोंडाची एक वानरी पडली होती आणि एक म्हातारी तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावून उठत होती. अंगावर जुन्या लुगड्याचा धुवट तुकडा पांघरलेला, दोन जास्वंदी, शेजारी पाण्याचा तांब्या. मारुतीचं लेकरू, असंच कसं टाकायचं?

नाना मोठ्याने ओरडले नाहीत. लांबूनच, चप्पल काढून, त्यांनी हात जोडले. मग म्हणाले, “आये, तुजा पुण्य पावला. आता मागे सर हां. तिच्या अंगावरचे आता तुज्या अंगार येतले.” म्हातारीला घरी नेऊन आशाताईंनी आंघोळ घातली, लुगडं उकळत्या पाण्यात टाकलं, आणि पुढे दोन आठवडे रोज तिचा ताप मोजला. चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो, पण आशाताई म्हणाल्या, माझ्या समाधानासाठी. ताप आला नाही.

पशुवैद्यक डॉक्टर पोचायला दुपार झाली. पूर्ण पोशाख, दुहेरी हातमोजे, चष्मा, त्या उन्हात. जागेवरच शवविच्छेदन, मेंदू-यकृत-प्लीहा यांचे तुकडे डब्यांत, उरलेलं तिथेच जाळलं, भोवताली मॅलेथिऑन या कीटकनाशकाची पावडर. आम्ही आधीच परिघावर कापड फिरवलं होतं. दहा पावलांत इतक्या गोचिडी मी आधी कधी बघितल्या नव्हत्या. मोजणं सोडून आम्ही कापडाची घडी घालून, अख्खं कापडच पिशवीत बांधून आणलं.

काल पडलेलं वानर आज का कळवलं, हे बागेच्या मालकाने संध्याकाळी सांगितलं, पावडरीने पांढऱ्या झालेल्या झाडांकडे बघत. दोन वर्षांपूर्वी अशीच पावडर पडली, तालुक्यात बोभाटा झाला, कोणीतरी उठवलं की बोंडूतून ताप येतो. मुलीला बघायला यायचे होते ते आले नाहीत. “तुमी येतास, पावडर मारतास, फोटो काढतास आणि जातास. मगे आमीच रवतलव हय.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकाशावर मी त्या जागेला लाल ठिपका दिला होता, ‘हॉटस्पॉट’. त्याच्याकडे त्याच जागेचा सातबारा होता.

नमुने त्याच रात्री निघाले: बाटली, तिच्याभोवती शोषून घेणारा कापूस आणि दुसरा डबा, त्याच्याभोवती बर्फाचा तिसरा. आंबोली घाट चढून, निपाणी-कोल्हापूर करत सकाळी पुण्यात. तीन आठवड्यांनी निकाल आला. वानरीत विषाणू होता, कापडावरून वेचलेल्या निम्फच्या एका पूलमध्येही. मी तो ईमेल चार वेळा वाचला. आनंद झाला, हे कबूल करायला लाज वाटते. झाला मात्र. मग फोनवर त्या बागेच्या मालकाचा नंबर काढला आणि बराच वेळ तसाच धरून बसले.

मार्चमध्ये मला ताप आला. दुपारी बरी होते, चारला हुडहुडी, रात्री 103. कंबर आणि पोटऱ्या कोणी काठीने सडकल्यासारख्या. डोळे लाल. मी गेले चार महिने लोकांना हीच यादी वाचून दाखवत होते. नानांनी फक्त विचारलं, “खंय चावलेली दिसली?” दिसली नव्हती, पण न दिसता चावणं हाच तर तिचा धंदा. रक्त घेतलं, आणि फॉर्म भरायला आशाताई खाटेशेजारी बसल्या. चौदाव्या प्रश्नाला त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी त्या तापात हसलो. प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशी कमी. आईला फोनवर सांगितलं, सर्दी झालीय. चार दिवस निकालाची वाट बघताना मला पहिल्यांदा कळलं की ‘नमुना पाठवला आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानाला कसं लागतं. मी ते किती सहज म्हणायचे. निकाल नकारार्थी. डेंगीही नाही, लेप्टोही नाही. कसला ताप होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझी नोंद ‘निदान न झालेला ज्वर’ या रकान्यात आहे. तो रकाना आमच्या तक्त्यात सर्वांत मोठा.

त्यानंतर मी एक केलं. निकाल आला की, चांगला असो वाईट असो, स्वतः जाऊन सांगायचा. फोनवर नाही. यात दर आठवड्याचा एक दिवस जायचा आणि मॅडमना कागदावर तो कुठल्या शीर्षकाखाली दाखवायचा हा प्रश्न पडायचा. त्यांनी तो ‘समुदाय संवाद’ खाली घातला.

एप्रिलमध्ये दहा दिवस काम बंद, कारण आमच्या जागांवर हत्ती आले. मे अखेरीस वळवाने पातेरा भिजला आणि निम्फ कमी होत गेल्या. शेवटच्या आठवड्यातली माझी वही लाडूंनी भरलेली आहे. फलालीन धुऊन, वाळवून, नट काढून ठेवलं. कापड कधीच परत पांढरं झालं नाही, चहाच्या गाळण्यासारखा रंग आला होता.

प्रकल्प आणखी एका वर्षाने वाढला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला. त्याच बागेचे मालक.

“मॅडम, वानर पडला हा. कोणी हात लावूक नाय. मी हयच उभो हंय, लांब.”

आम्ही तासाभरात पोचलो. वानर विजेच्या तारेखाली पडलं होतं, पंजे जळलेले. शॉक लागून मेलेलं, ते मलाही लांबूनच कळलं. काका ओशाळले. “म्हणजे फुकट हाडलय तुमका.”

“फुकट कसला?” नाना म्हणाले आणि त्यांनी काठीला फलालीन बांधायला घेतलं. पशुवैद्यक डॉक्टरांना फोन केला, तेही निघाले. कारण तारेवर का पडलं, आजारी असल्याने तोल गेला का, हे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. काका बांधावर, सावलीत, सपातांवर उकिडवे बसून आम्ही काय करतोय ते बघत राहिले. दहा पावलांनी मी कापड उलटलं. त्यांनी तिथूनच विचारलं, “किती?”

“लार्वा अकरा. निम्फ एक.”

“एक म्हणजे कमी मां?”

मी पेन्सिल काढली. सुतळी अजून तीच होती.